चला, धरमतरला वारा खायला!

इंजिन नाही, पेट्रोल नाही, आवाज नाही. हातात रिमोट आणि डोक्यावर दोन मीटर पंखांचं लाकडी पाखरू! मुंबईपासून दोन-अडीच तासांवरच्या खाडीकाठी आम्ही ग्लायडर उडवायला गेलो. वारा तर भरपूर खाल्लाच, पण आणखीही बरंच काही पदरात पडलं.

शनिवार, पहाटेचे साडेपाच. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी, माझा मित्र आणि आमच्या दोघांच्या मध्ये तिरपं अडकलेलं एक लांबलचक खोकं. वॉचमनने झोपाळलेल्या डोळ्यांनी विचारलं, "टीव्ही बिघडला काय साहेब?"

"नाही, विमान आहे."

त्याने मान हलवली आणि गेट उघडलं. आयटीवाल्यांचा काही भरवसा नाही, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

खोक्यात खरंच विमान होतं. रेडिओ कंट्रोल ग्लायडर. म्हणजे रिमोटवर चालणारं, पण इंजिन नसलेलं. ड्रोनसारखं हे एका जागी घोंघावत उभं राहत नाही. उंचावर न्यायचं, सोडायचं आणि मग त्याने हळूहळू खाली घसरत यायचं. वाटेत कुठे वर जाणारी गरम हवा सापडली, तर तिच्यावर बसून पुन्हा वर! घार पंख न हलवता तासन् तास कशी फिरते? अगदी तस्सं. पायलटचं काम एवढंच, की न दिसणारी हवा ओळखायची. ऐकायला सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

ओट्यावरचा कारखाना

रिमोटवर विमान उडवण्याचं वेड काही आजचं नाही. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओवर चालणारं मॉडेल विमान उडवलं होतं. त्यांचं 'गफ' नावाचं विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. या छंदाचं दुसरं टोक बघायचंय? २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावर एका बिनइंजिनाच्या मॉडेल ग्लायडरने ताशी ८८० किलोमीटरच्या पुढचा वेग गाठला. निव्वळ वाऱ्यावर! आपल्याकडे अनेकांना ही बाधा कॉलेजात होते, एनसीसीच्या एअर विंगमध्ये. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात, त्याच्या स्पर्धाही होतात. माझा मित्र तिथलाच. पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग सेंटरमध्ये खऱ्या ग्लायडरमधून एक चक्कर मारून आल्यापासून तर तो कामातूनच गेला. आणि मी त्याच्यामुळे.

तयार फोमचं ग्लायडर मिळतं. दुकानातून आणा, बॅटरी लावा, उडवा. पण मित्राचं म्हणणं होतं, "पहिलं तरी स्वतः बनव. पडलं तर दुरुस्त करता आलं पाहिजे ना!" 'पडलं तर' हे त्याने किती सहज म्हटलं, ते मला नंतर कळलं.

मग तीन महिने माझ्या वन बीएचकेचा कारखाना झाला. फुल साइझ प्लॅन झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला. तो एका सपाट फळीवर पसरला, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद (नाहीतर डिंकासकट प्लॅनही पंखाला चिकटतो!), आणि त्यावर टाचण्यांनी टोचून एकेक पट्टी जोडत गेलो. लाकूड बाल्साचं. ते मुख्यतः इक्वेडोरहून येतं आणि सागाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकंच जड असतं. नखाने दाबलं तरी खळगा पडतो. पंखाच्या आत माशाच्या काट्यांसारख्या बरगड्या, त्यांच्यामधून जाणारे दोन लांब दांडे, आणि वरून इस्त्रीने चिकटवायची रंगीत फिल्म. हो, घरातल्याच इस्त्रीने. त्यानंतर आठवडाभर माझ्या ऑफिसच्या शर्टांवर नारिंगी डाग पडत होते, ते सोडून द्या.

या ग्लायडरचा पंख सरळ नसतो. मध्यापासून थोडा वर उचललेला आणि टोकांकडे आणखी वर वाकवलेला. एका बाजूला कललं, की हाच आकार त्याला आपोआप सरळ करायला मदत करतो. म्हणून नवशिक्यांनी यावरच शिकायचं. कंट्रोल दोनच. शेपटीवरचा उभा पडदा डावी-उजवीकडे वळवतो, आडवा पडदा नाक वर-खाली करतो. आत दोन छोट्या मोटरी (त्यांना सर्व्हो म्हणतात), एक रिसिव्हर आणि एक बॅटरी. बस्स.

शेवटची परीक्षा तोलाची. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांनी विमान तोलून धरायचं. माझं विमान शेपटीकडे कलत होतं. मित्राने ससून डॉकवरून आणलेली मासेमारीच्या जाळ्याची शिशाची गुंडी नाकात बसवली आणि विमान बोटांवर सरळ उभं राहिलं. एकूण वजन ७२० ग्रॅम. कणकेची परात ठेवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलेलं!

धरमतरच का?

कारण मुंबईत मोकळी जागा म्हणजे पार्किंग! ग्लायडरला मात्र किमान दोन-तीन क्रिकेटची मैदानं लागतात. झाडं नकोत, तारा नकोत, माणसं नकोत. मित्राने नकाशावर बोट ठेवलं. पेण तालुक्याच्या पश्चिमेला, खाडीच्या काठी नुसते आडवे-उभे चौकोन. "बघ, सगळं रिकामं!"

हा 'रिकामं' शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याने आमची चांगलीच जिरवली.

अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईकरांसाठी हा रस्ता बराच सुसह्य झालाय. पुढे कर्नाळ्याचा सुळका डाव्या हाताला टाकत पेणकडे सुटायचं. हमरापूरच्या आसपास शेडमध्ये पांढऱ्या, बिनरंगाच्या गणपतींच्या रांगा दिसतात. ऐन डिसेंबरातसुद्धा! पेणच्या गणपतींचं काम वर्षभर चालतं. वडखळ नाक्यावर वडापाव आणि कटिंग झालंच पाहिजे. तिथून उजवीकडे अलिबागचा रस्ता धरला, की थोड्याच वेळात हवेत खारट वास येतो आणि समोर धरमतरचा पूल.

आज आपण हा पूल गाडीची काचही खाली न करता ओलांडतो. पण मराठीत 'तर' म्हणजे होडीने पार व्हायची जागा, आणि गावाच्या नावातच तो शब्द बसलाय. एके काळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच इथे यायची आणि कोकणात जाणारी माणसं इथे उतरून पुढच्या वाटेला लागायची. अंबा नदी इथे खाडी होते आणि रेवसजवळ समुद्राला मिळते. हीच ती धरमतर खाडी, जिथून जलतरणपटू थेट गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहत जातात. सुमारे ३५ किलोमीटर! भरती-ओहोटीचं गणित चुकलं, तर पाणी उलटं खेचतं.

आता खाडीत बार्ज दिसतात. धरमतरच्या जेट्टीवर डोलवीच्या स्टील कारखान्याचा माल उतरतो. कारखान्याच्या चिमण्या लांबून दिसतात. मित्राला त्या बघून आनंद झाला. "वाऱ्याची दिशा फुकटात कळणार!"

भूगोलाच्या पुस्तकातला वारा

शाळेत शिकलेले 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' आठवतायत? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई. पाच मार्कांचा प्रश्न, आकृतीसह! ते मार्क मी घेतले होते. पण तो वारा डोळ्यांनी पहिल्यांदा बघितला तो धरमतरला.

सकाळी आठला चिमण्यांचा धूर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे कललेला. मतलई अजून चालू होता. ऊन चढत गेलं तसा धूर सरळ उभा राहिला. आणि दुपारी तो हळूच पूर्वेकडे वाकला. खारा वारा आला!

ग्लायडरवाल्यांसाठी यातला मधला वेळ सोन्याचा. उन्हाने जमीन तापते, पण सगळी सारखी नाही. कापणी झालेलं कोरडं शेत भराभर तापतं. पाणी भरलेलं मिठागर किंवा चिखलातली तिवरं तशी तापत नाहीत. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होते आणि बुडबुड्यासारखी सुटून वर निघते. हे थर्मल. त्यात शिरलेलं विमान लिफ्टमध्ये पाय ठेवल्यासारखं वर जातं. मग खाडीवरून खारा वारा येतो. ती थंड, जड हवा जमिनीवर पसरली, की किनाऱ्याजवळची थर्मल विरून जातात. दुकान बंद!

ग्लायडर वर न्यायची आमची पद्धत साधी. जमिनीत एक खुंटी. तिला ३० मीटर रबरी नळी, नळीला १२० मीटर नायलॉनची दोरी. दोरीच्या टोकाची कडी विमानाच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवायची, रबर ताणत मागे चालत जायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर सोडून द्यायचं. विमान पतंगासारखं चढतं, माथ्यावर पोचलं की कडी आपोआप सुटते. साधारण ८०-१०० मीटर उंची मिळते. शांत हवेत आमचं विमान सेकंदाला अर्धा मीटर खाली येतं. म्हणजे शंभर मीटरला तीन मिनिटं आणि वर थोडंसं. त्याहून जास्त जे काही मिळेल, ते हवेचं देणं.

"मोजनी कराला आयलाव काय?"

पहिली फ्लाइट दोन मिनिटं. दुसरी अडीच. तिसऱ्यासाठी रबर ताणत असताना बांधावरून एक काका येताना दिसले. खांद्यावर टॉवेल, हातात कोयता, मागे दहा-अकरा वर्षांचा नातू. त्यांच्या पाठोपाठ आणखी तिघे. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"कंचे तुमी? मोजनी कराला आयलाव काय?"

मला प्रश्नच कळला नाही. मित्र म्हणाला, "नाही काका, विमान उडवतोय. आपलं शौक म्हणून."

"कॅमेरा कुठं हाय?"

मग ट्यूब पेटली. त्यांना वाटलं होतं, आम्ही ड्रोनने जमिनीचा सर्व्हे करतोय. आणि तसं वाटायला कारण होतं. या पट्ट्याला जमिनीचा प्रश्न नवा नाही. खाडीपलीकडे, पोयनाडजवळच्या चरी गावात १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं जमिनी कसल्याच नाहीत! नारायण नागू पाटील त्याचे पुढारी, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी होते. अलीकडे महामुंबई सेझचा विषय आला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. जमीन द्यायची की नाही? गावंच्या गावं 'नाही' म्हणायला रांगेत उभी राहिली. तो प्रकल्प पुढे बारगळला. आता २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक झाली आहे. पेणचं नाव निघालं, की इथे कान टवकारले जातात.

आणि आम्ही न विचारता त्यांच्या शेतात खुंटी ठोकून उभे होतो! जमिनीत खुंटी ठोकणारा शहरी माणूस त्यांना दुसरा कोण वाटणार?

मी विमान काकांच्या हातात दिलं. पंख बांधलेले रबर काढले, पोटाचं झाकण उघडलं. ही बॅटरी, हा रिसिव्हर, ह्या दोन मोटरी. कॅमेरा नाही. काकांनी ते आंब्याची पेटी तपासावी तसं उलटसुलट करून पाहिलं. मग नाकात बोट घातलं आणि पहिल्यांदा हसले.

"अरे, यो तं आपल्या जाल्याचा शिसा!"

ससून डॉकच्या त्या गुंडीने आमची लाज राखली. मी माफी मागितली. विचारायला हवं होतं. "आता तरी विचारतो काका. उडवू का?"

"उडवा. पन मना दाखवा कसा उडतंय तो."

घार म्हणेल ती दिशा

सव्वादहाला आम्ही पुन्हा सोडलं. काका विमानाकडे बघतच नव्हते. ते बघत होते शेताच्या दुसऱ्या टोकाला, एका उजाड तुकड्यावर. तिथे एक ब्राह्मणी घार फिरत होती, विटकरी पंखांची, पांढऱ्या डोक्याची. "तिकडं न्या. घार फिरते तवर तुमचा इमान पन ऱ्हाईल."

पुस्तकात हेच लिहिलंय. फरक इतकाच, की पुस्तक वाचायला मला तीन महिने लागले आणि काकांनी ते मान वर करून सांगितलं.

घारीच्या जवळ पोचलो तशी विमानाची उजवी बाजू हलकेच उचलली गेली. हीच खूण! जी बाजू उचलली जाते, त्या बाजूला थर्मल. आपला हात मात्र नेमका उलटीकडे वळवायला जातो. मित्र ओरडला, "उजवीकडे! उजवीकडे!" वळवलं. विमान घारीच्या खाली गोल फिरायला लागलं, आणि प्रत्येक चक्करीला थोडं वर. चार मिनिटं. सहा. नऊ. काकांचा नातू मोठ्याने मिनिटं मोजत होता. कुणी काही बोलत नव्हतं, विमानही नाही. मोबाइल वाजला तो मी पाहिलाही नाही. बॉसचा होता, हे संध्याकाळी कळलं.

आणि मग मी नवशिक्याची सगळ्यात जुनी चूक केली. थर्मल एका जागी उभं राहत नाही, वाऱ्याबरोबर सरकतं. मतलई अजून वाहत होता, त्यामुळे आमचं थर्मल हळूहळू पश्चिमेला, खाडीकडे चाललं होतं. मी उंचीच्या नादात त्याच्याबरोबर वाहत गेलो. शेत संपलं, बांध संपला, खाली तिवरं. तिथे गार हवा. लिफ्ट गायब! परत वळलो तर वारा थेट नाकावर. इतकं हलकं विमान ताशी तीसेक किलोमीटरने उडतं. समोरून वारा आला, की तो वेग कापला जातो आणि विमान एका जागी उभं राहिल्यासारखं दिसतं. खाली मात्र येत राहतं.

बांध दिसत होता. बांधाच्या अलीकडे यायला अजून पन्नास मीटर हवे होते. ते मिळाले नाहीत. तिवरांच्या कडेला चिखलात 'टप्प' असा आवाज झाला.

मी धावत सुटलो. काका मागून ओरडले, "चिखलान उतरू नका! मांडीपर्यंत जाल!"

भरती लागली होती. चिखलाच्या घळीतून पाणी आत सरकताना दिसत होतं. काकांनी चप्पल बांधावर काढली, नातवाला माझ्याकडे सोपवलं आणि तिवरांच्या मुळांवर पाय ठेवत, हातातला कोयता टेकत, वाकडंतिकडं चालत गेले. मला जिथे सरळ रस्ता दिसत होता, तिथे त्यांनी पाऊलही टाकलं नाही. दहा मिनिटांनी परतले तेव्हा विमान डोक्यावर होतं. नाक चेपलेलं, डाव्या पंखाच्या तीन बरगड्या मोडलेल्या. त्यांच्या पायाला शिंपले कापले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाले, "यो रोजचाच हाय. आधी तुमच्या इमानाला धुवा. खारा पानी वायरीला खातंय."

बांधाची गोष्ट

दुपार त्यांच्या अंगणात गेली. जानेवारी होता, म्हणजे पोपटी आलीच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, तोंडाला पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून वरून जाळ. पार्टीला आणखी काय लागतं? काकांचा पुतण्या गणपतीच्या कारखान्यात कामाला. त्याने माझ्या पंखाकडे पाहिलं, घरातून बारीक पॉलिश पेपर आणला आणि मी नव्याने चिकटवलेल्या बरगड्यांची गोलाई पंधरा मिनिटांत बाकीच्यांशी मिळवून दिली. वर्षभर मूर्तीच्या गालांवर फिरणारा हात तो! माझ्या तीन महिन्यांच्या कामापेक्षा तेवढा तुकडा जास्त गुळगुळीत आहे, हे मी आजही मान्य करतो.

जेवता जेवता काकांना मी विचारलं, त्या उजाड तुकड्यावर काहीच का नाही पिकवत? जिथे घार फिरत होती तो.

ते शेत त्यांचंच होतं. इथली शेती खारभूमीची. खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं, पावसाचं गोडं पाणी उघाडीतून बाहेर सोडायचं आणि मिळालेल्या जमिनीत भात घ्यायचं. बांध आहे तोवर शेत आहे. बांध फुटला, त्याला इथे 'खांड' म्हणतात, की भरतीचं पाणी आत आणि भात बाहेर. मीठ मुरलेली जमीन पुन्हा पिकायला वर्षं लागतात. वेळेवर बुजवली नाही, तर तिवरं उगवतात आणि मग शेत शेत राहतच नाही. काकांच्या बांधाला खांड पडली होती. घारीला वर नेणारी ती तापलेली हवा त्यांच्या मेलेल्या शेतातून येत होती.

नकाशावर आम्हाला जो 'रिकामा' चौकोन दिसला, तो हा.

मला काय बोलावं सुचेना. काकांनीच विषय बदलला. विमान हातात घेतलं, पोटाकडे बघितलं.

"याला कॅमेरा बसतंय काय?"

सकाळी ज्या कॅमेऱ्याच्या भीतीने चार माणसं घेऊन आले होते, त्याच कॅमेऱ्याबद्दल ते विचारत होते. अर्जाला जोडायला त्यांना खांडीचा फोटो हवा होता. वरून काढलेला, म्हणजे कुठपर्यंत पाणी शिरतं ते साहेबाला दिसेल. मित्र लगेच तयार! पण मी सकाळचे चेहरे पाहिले होते. या आभाळात कॅमेरा फिरला, तर बाकीच्या गावाला काय वाटेल? मी तसं सांगितलं. काका जरा थांबले, मग म्हणाले, "बराबर हाय."

म्हणून आम्ही चालत गेलो. चार वाजता, खाऱ्या वाऱ्यात, बांधावरून. नातू पुढे, आम्ही मागे. खांड दहा-बारा पावलांची होती. मोबाइलवर मी वीसेक फोटो काढले. खांड, आत शिरलेलं पाणी, कोवळी तिवरं, मोजायला शेजारी उभा केलेला नातू. रात्री घरी येऊन ते नीट लावले, तारीख घातली आणि पुतण्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवले. प्रेझेंटेशन बनवण्यात आम्ही पटाईत आहोतच, एकदा कुणाच्या तरी कामाला आलं!

निघण्याआधी एक शेवटची फ्लाइट झाली. थर्मल संपली होती, पण खाऱ्या वाऱ्यावर विमान सुरेख चढलं. या वेळी रिमोट नातवाच्या हातात, माझी बोटं त्याच्या बोटांवर. साडेतीन मिनिटं. उतरताना त्याने ते बरोबर आजोबांच्या पायाशी आणलं. म्हणजे, थोडं मीही आणलं.

त्यानंतर तीनदा जाऊन आलोय. दर वेळी आधी फोन करतो आणि गेल्यावर पहिलं बांधावर जाऊन बघतो. खांड अजून बुजलेली नाही, अर्ज गेलाय. ती बुजेल तेव्हा तिथलं आमचं सगळ्यात भरवशाचं थर्मल कदाचित कमी होईल, कारण तिथे भात असेल. चालेल. काकांनी सांगितलंय, घार दुसरी जागा शोधेल, तुम्ही पण शोधा.

जाताय? मग हे वाचा

कसं जाल? मुंबईहून अटल सेतू किंवा पनवेलमार्गे पेण, पुढे वडखळ नाका आणि अलिबाग रस्ता. दिवा-रोहा लोकलसारख्या गाडीने पेण स्टेशन गाठता येतं, पुढे एसटी किंवा रिक्षा. दोन मीटरचा पंख गर्दीत नेणार असाल तर तो दोन तुकड्यांत सुटणारा बनवा.

कधी जाल? भातकापणीनंतर, डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दहा ते साडेबारा ही वेळ चुकवू नका. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा.

काय न्याल? टोपी, गॉगल, भरपूर पाणी, फेविक्विक, चिकटपट्टी, चार जादा बरगड्या आणि एक गोड्या पाण्याची बाटली, खास विमान धुवायला.

नियम काय? ड्रोन नियम २०२१ हे रिमोटवरच्या मॉडेल विमानांनाही लागू होतात. विमान सतत नजरेच्या टप्प्यात हवं. ग्रीन झोनमध्येही उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मीटर आहे. त्या दिवशीचा झोनचा नकाशा आणि नोंदणीचे ताजे नियम घरूनच तपासा. विजेच्या तारा, रस्ता आणि कारखान्यांपासून लांब राहा.

आणि सगळ्यात आधी? शेत कुणाचं आहे ते विचारा. कुणाचं तरी असतंच.